एक हात लांब

चार माणसं जमली की प्रत्येक जण आपापल्या ऑफिसचे किस्से काढतो. बँकवाल्यांकडे कस्टमरचे, डॉक्टरांकडे पेशंटचे, कॉलेजवाल्यांकडे पोरांचे. मी स्पेशल स्कूलमध्ये शिकवते म्हटलं की लोक आधी "बापरे, किती पेशन्स लागत असेल ना!" म्हणतात. मग आवाज खाली आणून विचारतात, "पण गमतीही होत असतील, नाही?"

ढिगाने होतात! सुट्टी लागली की मी त्या बहिणीकडे, शेजारणीकडे, भिशीत वाटत सुटते. अडचण एकच आहे. बँकवाल्याच्या किश्श्यात फजिती कस्टमरची होते. आमच्या किश्श्यात शेवटी फजिती होते ती आमची, म्हणजे बाईंची. ऐकणारे हसतात, मीही हसते, आणि घरी परतताना रिक्षात बसले की कान गरम होतात.

आमची शाळा डोंबिवली पूर्वेला, एका सोसायटीच्या तळमजल्यावर. बौद्धिक अक्षमता असलेली मुलं आमच्याकडे येतात. माझ्याकडे मोठा वर्ग, म्हणजे तेरा ते अठरा. या वयातल्या मुलांचे आईवडील "याला लिहायला कधी येईल?" असं विचारत नाहीत. ते विचारतात, "मॅडम, हा असं करतो ते बंद कसं करायचं?" हे 'असं' म्हणजे आपटणं, चावणं, किंचाळणं, कोणालाही जाऊन बिलगणं. पुस्तकात त्याला समस्यावर्तन म्हणतात. ते घडल्यावर आवरण्यापेक्षा घडूच न देणं बरं, असंही पुस्तकातच लिहिलेलं आहे. वाक्य चांगलं आहे. त्यावरून आम्ही काय दिवे लावले ते ऐका.

हे सगळं आठवायचं कारण सिद्धूच्या ताईचं लग्न. त्यावर येतेच. पण आधी बिस्किटं.

* * *

मिहीर पंधरा वर्षांचा, अंगाने दणकट. त्याचा छंद एकच. दोन्ही हातांनी टेबल बडवायचं. तो सुरू झाला की वरच्या मजल्यावरच्या काकू जिना उतरून यायच्या आणि दारात नुसत्या उभ्या राहायच्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझ्याबरोबर वर्गावर नीता असते. तेव्हा ती नुकतीच कोर्स करून आलेली, अंगात उत्साह मावत नव्हता. म्हणाली, "ताई, आपण बक्षीस ठेवू या. बडवणं थांबवून हाताची घडी घातली, की एक बिस्किट!"

ठेवलं. मिहीरने टेबल बडवलं, थांबला, घडी घातली, बिस्किट मिळालं. आठवडाभरात तो इतक्या पटकन थांबायला लागला की आम्ही दोघींनी एकमेकींना कटिंग चहा पाजला.

मग लक्षात आलं, की थांबतो पटकन, पण सुरूही पटापट करतोय. धडाम, घडी, आ. धडाम, घडी, आ! आणि सानिका, जिने जन्मात कधी टेबलाला थाप मारली नव्हती, तीही दोन थापा मारून घडी घालून बसायला लागली. बिस्किट मिळवायची रीत हीच, अशी मुलांची समजूत झालेली. चूक त्यांची नव्हती. आम्ही शिकवलेली रीत हीच होती.

त्याच सुमाराला तपासणीला एक साहेब आले. त्यांना चहा दिला. मिहीर शांतपणे त्यांच्या टेबलापाशी गेला आणि असा दणका दिला की चहा बशीत आला. मग हाताची घडी घातली आणि तोंड उघडून साहेबांकडे बघत उभा राहिला. साहेब गडबडले. त्यांनी सगळे खिसे चाचपले, एकातून आवळ्याची पुडी निघाली, त्यातला एक आवळा त्यांनी मिहीरच्या तोंडात टाकला!

आमच्या मुख्याध्यापिका देशपांडेबाई. त्या चिडल्या तरी व्याकरण सोडत नाहीत. साहेब गेल्यावर म्हणाल्या, "अभिनंदन. एका फेरीत साहेबसुद्धा शिकले."

बिस्किटं त्या दिवशीच बंद झाली. त्याऐवजी अंगठा आला. मुलाने काही बरोबर केलं की बाईंनी अंगठा वर करायचा आणि "शाब्बास!" म्हणायचं. मुलांना तो भलताच आवडला. काहीही केलं की ती आधी आमच्याकडे बघायची. बाईंचा अंगठा वर झाला नाही तर काम पुरं झालं असं त्यांना वाटायचंच नाही. आम्हाला याचा केवढा अभिमान होता!

* * *

सानिकाचं प्रकरण गुरुवारचं. एरवी ही मुलगी शांत. मणी ओवायला बसली की वर्गात आहे की नाही कळत नाही. पण गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला कानांवर हात ठेवून किंचाळायची आणि स्वतःचं मनगट चावायची. वळ उठायचे. तिची आई ओढणीने ते वळ झाकून, गेटवरच्या लोकांकडे न बघता तिला घेऊन जायची.

आम्ही खूप डोकं चालवलं. "हार्मोन्स असणार," मी म्हटलं. मोठ्या वर्गात कशालाही हार्मोन्स म्हणता येतं, तेवढी सोय आहे. नीताला वाटलं, गुरुवारच्या पीटीच्या ड्रेसचं इलॅस्टिक टोचत असेल. ड्रेस बदलला. कुरकुरणारा पंखा बदलला. संगीताच्या सरांना शुक्रवारी बोलावलं. गुरुवार काही बदलेना. औषधासाठी डॉक्टरांकडे जा, असं मी तिच्या आईला सांगूनसुद्धा टाकलं.

एका गुरुवारी भाच्याचा साखरपुडा होता म्हणून मी रजेवर होते. शुक्रवारी नीता दारातच भेटली. "ताई, काल सानिका काय मस्त बसलेली! एकदापण ओरडली नाही!"

पुढच्या गुरुवारी मी आले आणि किंचाळणंही आलं.

देशपांडेबाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. "गुरुवारी तुमचा उपास असतो ना?"

"हो, बाई. फक्त चहावर."

"उपास असला की तुमचा आवाज कुठपर्यंत जातो, ठाऊक आहे? इथपर्यंत येतो!"

खरं होतं. पोटात काही नसलं की मी वसवसते. गुरुवारी नवरा ऑफिसातून उशिरा येतो, ते मला इतकी वर्षं काम जास्त असतं म्हणून वाटायचं.

"सानिकाला औषध नको," बाई म्हणाल्या. "देवाला काय सांगायचं ते मी सांगते. तुम्ही गुरुवारी पोळीभाजी खा."

मी खायला लागले. सानिकाचं मनगट बरं झालं. तिची आई पेढे घेऊन आली, माझा हात हातात घेऊन म्हणाली, "मॅडम, कशाने हो फरक पडला?"

मी म्हटलं, "रूटीन बदललं जरा." कोणाचं ते नाही सांगितलं. पेढा मात्र खाल्ला.

* * *

मोठ्या वर्गाला खासगीपणा शिकवावा लागतो. पालकसभेत हा विषय निघाला की सगळे बाप मोबाईल काढतात. तीन वर्षांचं मूल उघडं पळालं तर घर हसतं, चौदाव्या वर्षी तेच झालं तर घर पडदे ओढतं. म्हणून आम्ही नियम केले. कपडे बदलताना दार लावायचं. दुसऱ्याचं दार बंद असेल तर टकटक करायचं. आतल्याने "ये" म्हटलं तर जायचं. आणि आतल्याला नको असेल तर तो "आत्ता नको" म्हणू शकतो, मग बाहेरच्याने थांबायचं. हा शेवटचा भाग आम्ही मुद्दाम घोटवून घेतला, कारण या मुलांना 'नको' म्हणायला कोणी शिकवतच नाही.

नियम मुलांनी उचलला. मिहीर जरा जास्तच. तो फ्रिजवर टकटक करायचा. रिक्षाच्या टपावर टकटक करायचा आणि रिक्षावाला "ये रे, बस" म्हणेपर्यंत आत पाऊल टाकायचा नाही. त्याची आई सांगायची, "मॅडम, देवघराच्या दारावरपण! देव काय 'ये' म्हणतोय? मग मलाच मागून आवाज काढायला लागतो."

एकदा देशपांडेबाई संस्थेला मदत करणाऱ्या पाहुण्यांना शाळा दाखवत होत्या. आमच्या वर्गाचं दार त्यांनी सरळ उघडलं. "आणि हा आमचा मोठा वर्ग..."

मिहीर उभा राहिला. "टकटक!"

बाई कौतुकाने हसल्या, पाहुण्यांना घेऊन बाहेर गेल्या, दार ओढून घेतलं आणि टकटक केलं.

मिहीरने दाराकडे बघून विचार केला. "आत्ता नको!"

मी त्याला खुणा करतेय, 'ये' म्हण, 'ये' म्हण! आणि तो माझ्याकडे बघत उभा, अंगठ्यासाठी. नियम त्याने तंतोतंत पाळला होता. आता मी काय करायचं? मी अंगठा दाखवला. तो समाधानाने खाली बसला आणि मणी ओवायला लागला.

पाहुणे बाहेर चपलांच्या रॅकपाशी तिष्ठत उभे. शेवटी मिहीरलाच तहान लागली, त्याने दार उघडलं आणि पाहुण्यांना म्हणाला, "ये."

त्या संध्याकाळी देशपांडेबाई एवढंच म्हणाल्या, "आपली मुलं आपलं ऐकतात, हेच आपल्याला झेपत नाही." आम्ही हसलो. तेव्हा ते वाक्य मला गमतीचंच वाटलं होतं.

* * *

आता सिद्धू. सिद्धार्थ, वय सतरा, राहायला आंबिवली. वडील खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक, आई घरी ब्लाउज शिवते, आणि मोठी बहीण प्रज्ञा ठाण्याला एका लॅबमध्ये टेक्निशियन. सिद्धूकडे शब्द थोडे. माणूस आवडलं की तो मिठी मारतो. आणि त्याला सगळीच माणसं आवडतात.

तो आमच्याकडे आला तेव्हा एवढासा होता. पोस्टमनला मिठी, दूधवाल्याला मिठी, शेजारच्या क्लासमधल्या मुलींना मिठी. "कित्ती गोड!" म्हणून लोक त्याला चॉकलेट द्यायचे. स्नेहसंमेलनात पाहुण्यांना गुच्छ द्यायला आम्ही दरवर्षी त्यालाच पाठवायचो. गुच्छाबरोबर मिठी मिळायची आणि फोटो झकास यायचा. मग त्याला मिशी फुटली, खांदे भरले. मिठी तीच राहिली. ज्याचं आपण इतकी वर्षं कौतुक केलं त्याचा गुन्हा कधी झाला, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आम्हीही नाही.

मुलांना व्यवहार कळावा म्हणून आम्ही अधूनमधून त्यांना भाजीबाजारात नेतो. एकदा एक बाई कोथिंबीर निवडत होत्या. सिद्धूकडे बघून त्या हसल्या. झालं! सिद्धूने त्यांना घट्ट मिठी मारली. त्या किंचाळल्या. कोथिंबिरीची जुडी उडाली. माणसं जमली, आणि एका दांडग्या गृहस्थाने सिद्धूची कॉलर धरून हात उगारला.

नीता गर्दीत घुसली. मी हातात भेंडी घेऊन उभी होते. शेजारच्या भाजीवाल्याने विचारलं, "तो तुमच्यातला आहे काय?" आणि 'हो' म्हणायला मला वेळ लागला. फार नाही, पण लागला.

तोवर सिद्धूने काय करावं? उगारलेल्या हाताकडे बघून तो म्हणाला, "सॉरी, काका," आणि त्या गृहस्थाला मिठी मारली! तो माणूस एक हात वर, एक हात कॉलरवर, असा मिठीत अडकला. लोक फसकन हसले. त्यानेही कॉलर सोडली.

त्या बाई हसल्या नाहीत. कापऱ्या आवाजात म्हणाल्या, "हसताय काय सगळे? मी घाबरले ना!"

त्यांचं बरोबर होतं. एखाद्याला ओरडून गप्प करता आलं असतं तर मला हलकं वाटलं असतं. पण सिद्धूचंही चुकलं नव्हतं, त्यांचंही नव्हतं. उरलो आम्हीच. शाळेत परतेपर्यंत मी नीताकडे बघितलं नाही.

* * *

त्यानंतर थोड्याच दिवसांत प्रज्ञाचं लग्न ठरलं. मुलगा नागपूरचा, चांगला नोकरीवाला. सिद्धूचे आईवडील शाळेत आले. वडील मांडीवर हेल्मेट घेऊन बसले, आई बोलली.

"मॅडम, मागं माझ्या भाचीच्या हळदीला ह्यानं नवरीच्या मैत्रिणींना धरलेलं. लई बोलणं खाल्लं आम्ही. आता तर ताईचंच सासर. नागपूरची माणसं काय म्हणतील?"

वडील हेल्मेटकडे बघत म्हणाले, "मी म्हणतो, दोन दिवस खडवलीला ठेवू त्याला. तिथं माझे चुलते आहेत, म्हातारे. ते काही लग्नाला यायचे नाहीत."

प्रज्ञा मागे उभी होती. ती एकदम उसळली. "पप्पा, सिद्धू नाही तर मीपण हॉलवर येत नाही! तुम्ही आणि नागपूरवाले बसा बुद्धवंदना म्हणत!"

मग आई माझ्याकडे वळली. "मॅडम, तुम्हीच काय ते शिकवा. दोन महिने हातात आहेत."

पुस्तकातली रीत मला पाठ होती. जमिनीवर रंगीत रिंगणं काढायची. आतल्या रिंगणात घरचे, त्यांना मिठी. त्याबाहेर ओळखीचे, त्यांना हात. त्याबाहेर अनोळखी, त्यांना लांबून नमस्कार. कोण कुठल्या रिंगणात, हे रोज थोडं थोडं शिकवायचं. यात वर्ष सहज जातं. माझ्याकडे दोन महिने होते आणि डोळ्यांसमोर ती कोथिंबिरीची जुडी होती. मी सगळी रिंगणं पुसली आणि एकच नियम ठेवला. एक हात लांब! समोर कोणीही असो, हात सरळ पुढे करायचा. हाताच्या आत कोणी नाही. मग दोन्ही हात जोडून "जय भीम" म्हणायचं, आणि अंगठा मिळवायचा.

शनिवारी प्रज्ञा त्याला न्यायला यायची. सिद्धू धावत जाऊन अशी मिठी मारायचा की तिची पर्स खांद्यावरून घसरायची. मी तिला बाजूला घेतलं. "आता हे बंद. नियम सगळीकडे सारखा हवा, नाहीतर त्याचा गोंधळ होईल."

"मॅडम, मलापण नाही? अहो, मी ताई आहे त्याची."

"तुलाही नाही. लग्न पार पडेपर्यंतच गं. लग्न झालं की घरच्यांना सूट देऊ. ते मी शिकवीन."

तिने पर्सचा पट्टा दोनदा नीट केला. "ठीक आहे. पण त्याला हॉलवर आणायचं, हे नक्की ना?"

"नक्की," मी म्हटलं.

* * *

मग वर्गात लग्नाची प्रॅक्टिस सुरू झाली. आमची सगळ्यांत गाजलेली गोष्ट ही! मिहीर नवरदेव, सानिका नवरी, नीता नवऱ्या मुलाची मावशी, देशपांडेबाई सासू. सिद्धू नवरीचा भाऊ, म्हणजे स्वतःच.

देशपांडेबाई सासू म्हणून अशा शोभल्या की नीता हळूच म्हणाली, "ताई, ही ॲक्टिंग नाहीये." त्या दोन्ही हात पसरून सिद्धूवर चालून जायच्या, "ये रे बाळा, ये!" आणि सिद्धू हात सरळ करायचा. "एक हात!" मग जय भीम, मग माझ्याकडे नजर, मग अंगठा. आम्ही सगळे प्रकार घेतले. हसणारी मावशी, रडणारी आत्या, फोटोवाला, गालगुच्चे घेणारे काका, गुलाबपाणी शिंपडणाऱ्या मुली. सिद्धू एकदाही चुकेना.

शेवटच्या प्रॅक्टिसला पाकळ्या आणल्या. मी म्हटलं, "आता नवरदेव नवरीला हार घालेल." मिहीर हार घेऊन सानिकापुढे गेला आणि सवयीने तिच्या खुर्चीवर टकटक केलं.

सानिका मणी ओवत होती. तिने मान वर केली. "आत्ता नको!"

नवरदेव परत फिरला! देशपांडेबाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. लग्न राहिलं बाजूला, आम्ही सरळ जेवणावर आलो, सगळ्यांना आइस्क्रीम दिलं आणि प्रॅक्टिस संपवली. रोज तिथेच संपायची. आइस्क्रीमच्या पुढे लग्नात काय असतं, हे आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

* * *

लग्न कल्याणला होतं. नीता आणि मी दोघी गेलो. हॉल भरलेला, प्रज्ञा पांढऱ्या साडीत, समोर बुद्धमूर्ती आणि मेणबत्त्या. सिद्धूला पांढरा कुर्ता शिवलेला, केसांना पाणी लावून भांग पाडलेला. त्याचे वडील दारापाशी उभे होते, हात खिशात. खिशात स्कूटरची चावी होती, हे मला माहीत होतं. काही बिनसलं तर त्याला उचलून घरी न्यायची तयारी होती.

बिनसलं काहीच नाही. पाहुणे येत होते, सिद्धू हात सरळ करत होता, जोडत होता. "जय भीम!" मग गर्दीतून माझ्याकडे बघायचा. मी अंगठा वर करायचे. नागपूरच्या सासूबाई हात पसरून आल्या, अगदी देशपांडेबाईंसारख्या. "ये रे बाळा!"

"एक हात!"

सासूबाई थबकल्या, मग मोठ्याने हसल्या. "अगबाई, शिस्त तर बघा पोराची!"

वंदना झाली, पाकळ्या पडल्या, टाळ्या झाल्या. सिद्धूने टाळ्या वाजवल्या त्याही हात लांब करून. जेवणं सुरू झाली तेव्हा वडिलांनी खिशातून हात बाहेर काढला आणि पानावर बसले. आई माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मॅडम, आज पहिल्यांदा माझी मान ताठ राहिली." नातेवाईक बायका मला बघायला येत होत्या. "ह्याच त्या मॅडम. काय शिकवलंय पोराला!" मी नको नको म्हणत होते आणि सगळं ऐकून घेत होते. आइस्क्रीमही झालं.

मग गाडी आली. फुलं लावलेली, डिकीत सुटकेस, मागच्या काचेवर नावं. प्रज्ञा पायऱ्यांवर आली आणि तिचा बांध फुटला. आधी आईच्या गळ्यात पडली, मग आत्याच्या, मग वडिलांच्या. वडील तिला धरून कितीतरी वेळ नुसते उभे होते.

सिद्धू कठड्यापाशी होता. ताई रडते आहे, हे त्याला कळत होतं. त्याची हनुवटी हलत होती आणि डाव्या हाताने त्याने स्वतःचा कुर्ता मुठीत धरला होता. प्रज्ञा वडिलांपासून सुटली, त्याच्याकडे वळली आणि दोन्ही हात पसरून निघाली. "सिद्धू..."

तो एक पाऊल मागे सरला. उजवा हात सरळ पुढे केला.

"एक हात, ताई."

मागे कोणीतरी हसलं. "ह्याला म्हणतात ट्रेनिंग!"

प्रज्ञा थांबली. तिने हात खाली घेतले आणि त्याच्या पंज्यापासून वीतभर अंतरावर उभी राहून रडत राहिली. सिद्धूने मान वळवली. गर्दीत मला शोधलं. त्याचा हात तसाच पुढे होता, आणि तो वाट बघत होता. प्रज्ञानेही माझ्याकडे पाहिलं. गाडीवाला हॉर्न देत होता.

मी अंगठा वर केला.

सिद्धूचा चेहरा उजळला. तो ताईकडे वळला. तीही अगदी बरोबर उभी होती, हाताबाहेर. त्याने तिलाही अंगठा दाखवला आणि म्हणाला, "शाब्बास, ताई!"